साडेपाचशे डॉलर, आणि मुदत नेमकी कशाची वाढवायची

प्रोबेशन म्हटलं की आपल्याला आधी आठवतात नवीन नोकरीतले सहा महिने, की बाबा आता नीट वाग, कन्फर्म व्हायचंय. फौजदारी कोर्टातलं प्रोबेशन पण खरं तर त्याच जातीचं आहे, गुन्हा केलायस पण आत टाकत नाही, बाहेर राहा, अमुक वर्षं अमुक अटी पाळ, पाळल्यास तर सुटलास आणि नाही पाळल्यास तर बॅग भर. सरकारी मराठीत ह्याला परिवीक्षा म्हणतात पण हा शब्द बोलताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही, महिला व बालविकास खात्याच्या पाटीवर 'जिल्हा परिवीक्षा अधिकारी' असा दिसतो तेवढाच.

आता ह्या अटींमधली एक अट पैशाची असेल तर? म्हणजे कोर्टाचा दंड भर आणि ज्याचं नुकसान केलंस त्याला भरपाई दे. आणि प्रोबेशनचा काळ संपत आला तरी पैसे फिटलेच नाहीत तर काय करायचं? अमेरिकेतल्या कोर्टांसमोर हा प्रश्न सतत येतो आणि त्यावरचं सगळ्यात सोयीचं उत्तर म्हणजे प्रोबेशन वाढवा. ऐकायला बरंच वाटतं, तुरुंगात तर नाही ना टाकत, मग थोडं वाढवलं तर बिघडलं कुठे. बिघडतं कुठे ते सांगण्यासाठी मी एकच केस घेतोय, बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९८३ चा निकाल. ह्या केसबद्दल बहुतेक जण "गरिबीसाठी तुरुंग नाही" एवढं एक वाक्य सांगून पुढे जातात. मला त्यातल्या तारखा आणि रकमा जास्त बोलक्या वाटतात, म्हणून आधी त्याच.

झालं काय होतं

जॉर्जिया राज्य, सप्टेंबर १९८०. बेअर्डन नावाच्या माणसावर दोन आरोप, एक घरफोडीचा आणि दुसरा चोरीचा माल घेतल्याचा. त्यानं गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा असलेल्यांसाठी जॉर्जियात एक वेगळा कायदा आहे, त्यात कोर्ट दोषी ठरवल्याचा निकाल नोंदवतच नाही, तो बाजूला ठेवतं, प्रोबेशन नीट पार पाडलंस तर तुझ्या नावावर गुन्हा लागतच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे पैशांपायी त्याचं नुसतं स्वातंत्र्य गेलं नाही, ही कोरी पाटीही गेली.

८ ऑक्टोबर १९८० ला शिक्षा झाली. घरफोडीसाठी ३ वर्षं प्रोबेशन, दुसऱ्या आरोपासाठी १ वर्ष, दोन्ही एकत्रच चालणार. अट अशी की ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई भरायची, एकूण ७५०. आणि हप्ते कसे? १०० डॉलर आज, १०० डॉलर उद्या, उरलेले ५५० चार महिन्यांत.

ज्या माणसाला आजचे शंभर भरायला आईबापाकडे हात पसरावा लागतो (त्यानं पहिले दोनशे आईवडलांकडून उसने घेऊनच भरले, निकालपत्रात तसं लिहिलंय) त्याला उद्या अजून शंभर मागणाऱ्या कोर्टाला तो कुठून आणणार हा प्रश्न पडला नसावा, किंवा पडला आणि गिळला. कारण हे ठरवलं तेव्हा त्याची ऐपत काय, घरी खाणारी तोंडं किती, पगार किती ह्याचा हिशोब कुठे मांडलेला दिसत नाही. दंडाची रक्कम गुन्ह्याकडे बघून ठरते, हप्ता मात्र माणसाकडे बघून ठरवायला हवा, आणि इथेच सगळ्या पुढच्या रामायणाचं मूळ आहे असं मला वाटतं.

पुढे साधारण महिन्याभरात त्याची नोकरी गेली. शिक्षण नववीपर्यंत, वाचता येत नाही. काम शोधलं, मिळालं नाही. त्या काळात ना उत्पन्न ना मालमत्ता. फेब्रुवारी १९८१ मध्ये बाकी भरायची तारीख जवळ आली तेव्हा तो पळून गेला नाही, त्यानं स्वतःहून प्रोबेशन ऑफिसला कळवलं की काम मिळत नाहीये, पैसे उशिरा भरेन. मला विचाराल तर पूर्ण प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण इथे कुणीतरी साधं "बरं, किती भरू शकतोस महिन्याला" एवढं विचारलं असतं तर विषय संपला होता.

विचारलं नाही. मे १९८१ मध्ये राज्यानं अर्ज केला की ह्याचं प्रोबेशन रद्द करा. सुनावणी झाली. नवराबायको दोघांनी साक्ष दिली की घरात पैसा नाही, कामासाठी वणवण केली. न्यायाधीशांनी त्यावर किरकोळ कामं असतातच की अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, गवत कापायचं वगैरे. पण ह्यानं मनापासून प्रयत्न केले नाहीत असा निष्कर्ष काही काढला नाही. आणि तरीही प्रोबेशन रद्द, दोषी ठरवल्याची नोंद, आणि प्रोबेशनचा जेवढा काळ शिल्लक होता तेवढा सगळा तुरुंगात काढायचा.

आता जरा कागद पेन्सिल घेऊन बसू

३ वर्षांचं प्रोबेशन ८ ऑक्टोबर १९८३ ला संपणार होतं. पैसे भरायची शेवटची तारीख मात्र फेब्रुवारी १९८१. म्हणजे पैशाची मुदत संपली तेव्हा प्रोबेशनचे अजून ३२ महिने बाकी होते. ५५० डॉलर ३२ महिन्यांवर पसरवले तर महिन्याला साधारण १७ डॉलर होतात. अगदी मे महिन्यात अर्ज आला त्या दिवशी हिशोब केला असता तरी २९ महिने शिल्लक होते, महिन्याला १९ डॉलर.

१९८१ मध्ये अमेरिकेतलं किमान वेतन तासाला ३.३५ डॉलर होतं. म्हणजे सगळे ५५० डॉलर हे कर बिर बाजूला ठेवून १६४ तासांचं काम, चार आठवड्यांची फुलटाइम नोकरी. चार आठवड्यांच्या मजुरीसाठी दोन वर्षांहून जास्त तुरुंग. आणि तुरुंगातल्या दोन वर्षांत त्या २५० डॉलरची वाट बघणाऱ्याला, ज्याच्या घरी चोरी झाली त्याला, छदाम मिळणार नाही हे वेगळंच.

ह्या हिशोबात एक गोष्ट सहज निसटते. इथे प्रोबेशन एक दिवसही वाढवायची गरज नव्हती. गरज होती ती हप्त्यांची मुदत वाढवायची. कागदावर दोन्हीला मुदतवाढच म्हणतात, पण पहिल्या मुदतवाढीत माणूस अजून काही वर्षं सरकारच्या नजरेखाली जातो, आणि दुसरीत फक्त कॅलेंडरवरच्या तारखा पुढे सरकतात. ह्या दोन मुदतवाढींची सरमिसळ झाली की जे होतं तेच पुढे सांगायचंय.

सुप्रीम कोर्टात

जॉर्जियाच्या अपील कोर्टानं त्याचं म्हणणं फेटाळलं, राज्याच्या सुप्रीम कोर्टानं केस ऐकायलाच नकार दिला. मग वॉशिंग्टन. ११ जानेवारी १९८३ ला युक्तिवाद, २४ मे १९८३ ला निकाल. निकालपत्र लिहिलं न्या. सँड्रा डे ओकॉनर ह्यांनी.

आधीचे दोन निकाल होते त्याला आधार म्हणून. १९७० चा विल्यम्स विरुद्ध इलिनॉय, तिथे एक वर्षाची कमाल शिक्षा भोगून झाल्यावर दंड भरता येत नाही म्हणून माणसाला दिवसाला ५ डॉलर ह्या हिशोबानं अजून १०१ दिवस आत ठेवणार होते, कोर्ट म्हणालं कमाल शिक्षेच्या वर फक्त गरिबीमुळे नाही ठेवता येणार. मग १९७१ चा टेट विरुद्ध शॉर्ट, ट्रॅफिकचे ४२५ डॉलर दंड, तोच ५ डॉलर रोजाचा भाव, ८५ दिवस. गुन्ह्याला फक्त दंडच असेल तर तो भरता येत नाही म्हणून आपोआप तुरुंग नाही.

बेअर्डनची केस ह्यांच्यापेक्षा अवघड होती कारण घरफोडीसाठी त्याला पहिल्या दिवशीच तुरुंगात टाकता आलं असतं. जॉर्जिया राज्याचं म्हणणं साधारण तेच, की अरे मुळात आम्ही ह्याला सवलत दिली, अट पाळली नाही, सवलत काढून घेतली, ह्यात अन्याय कुठला. ओकॉनर बाईंनी ह्याला जे उत्तर दिलं ते मला आवडतं. राज्यानंच एकदा ठरवलं की ह्या गुन्ह्यासाठी दंड आणि भरपाई पुरेशी आहे, तुरुंगाची गरज नाही, तर मग केवळ पैसे नाहीत म्हणून तीच शिक्षा तुरुंगात कशी बदलते? गुन्हा तर तोच आहे, बदललाय फक्त खिसा.

राज्याचे तीन मुद्दे होते. एक, भरपाई वसूल झाली पाहिजे. कोर्ट म्हणालं माणसाला आत टाकून भरपाई मिळत नाही, उलट तुरुंगाच्या भीतीनं माणूस पैसे आणायला परत वाकडी वाट धरेल. दोन, पैसे नसलेला माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता जास्त, म्हणून आत ठेवणं समाजाच्या हिताचं. ह्या मुद्द्याला कोर्टानं बऱ्यापैकी झापलंय, कारण ह्याचा सरळ अर्थ गरीब असणं हेच गुन्ह्याचं लक्षण असा होतो. तीन, शिक्षा आणि धाक राहिला पाहिजे. कोर्ट म्हणालं राहू दे, पण त्यासाठी दुसरे रस्ते आहेत, पैसे भरायला जास्त वेळ द्या, दंड कमी करा, किंवा त्याच्याकडून समाजोपयोगी काम करून घ्या.

तर नियम काय ठरला? प्रोबेशन रद्द करण्याआधी कोर्टानं चौकशी करायची की पैसे का भरले नाहीत. असूनही भरले नाहीत, किंवा कमवायचा, उसने घ्यायचा प्रामाणिक प्रयत्नच केला नाही, तर खुशाल आत टाका. प्रयत्न करूनही जमलं नाही तर आधी दुसरे मार्ग बघा. ते मार्ग शिक्षा आणि धाक ह्यासाठी पुरे पडत नाहीत असं खरंच दिसलं तरच तुरुंग. शेवटचं वाक्य लोक विसरतात, दार पूर्ण बंद केलेलं नाही, फट ठेवलीय.

निकाल नऊच्या नऊ जणांना मान्य होता पण कारणं नाही. न्या. व्हाइट ह्यांनी वेगळं मत लिहिलं आणि बर्गर, पॉवेल, रेन्क्विस्ट त्यांच्या बाजूला. व्हाइट ह्यांचं म्हणणं, पैसे नसतील तर त्याऐवजी तुरुंग द्यायला हरकत नाही पण दंड आणि तुरुंग ह्यांचं माप ढोबळ मानानं तरी जुळलं पाहिजे, साडेपाचशे डॉलरला दोन वर्षांवर तुरुंग हे कुठल्याच मापात बसत नाही. मला हा युक्तिवाद त्यातल्या त्यात कमी पटतो, पण मापाचा मुद्दा मुदतवाढीला लावून बघा, फार कामाला येतो. साडेपाचशे डॉलरसाठी किती वर्षं प्रोबेशन हे माप कुणी धरलंय का?

मग मुदतवाढ आली

१९८३ नंतर वकिलांना आणि न्यायाधीशांना एक गोष्ट कळली, की नुसते पैसे थकले म्हणून आत टाकायचं तर चौकशी करा, निष्कर्ष लिहा, पर्याय तपासा, एवढा सगळा व्याप. आणि प्रोबेशन वाढवायचं असेल तर? त्यात कुणी आत जात नाही, त्यामुळे त्याला तेवढी झाडाझडती लागत नाही असंच धरून चालायचं. ह्याची मुळं त्याच्याही आधीची आहेत, १९७५ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अपिलांसाठी केलेला राज्यांचा गट) फेडरल, म्हणजे केंद्राच्या, अपील कोर्टानं स्किपवर्थच्या केसमध्ये म्हटलं होतं की प्रोबेशन रद्द करणं आणि वाढवणं ह्यात फरक आहे, वाढवण्यासाठी घटनेप्रमाणे आधी सुनावणी द्यायलाच हवी असं नाही. फेडरल कोर्टांपुरता नंतर फौजदारी कामकाजाचा नियम ३२.१ आला आणि सुनावणी, वकील हे सगळं मिळायला लागलं, पण छोट्या गुन्ह्यांचं बहुतेक काम राज्यांच्या कोर्टात चालतं आणि तिथे ज्याचा त्याचा कायदा.

काही राज्यांनी कायद्यातच लिहून ठेवलंय. मिनेसोटात भरपाई बाकी असेल आणि मुदतीत फिटण्यासारखी नसेल तर प्रोबेशन एक वर्ष वाढवता येतं, मग गरज पडली तर अजून एक. नॉर्थ कॅरोलायनात आरोपीच्या संमतीनं, आणि मूळ प्रोबेशनच्या शेवटच्या सहा महिन्यांतच, भरपाई पूर्ण करण्यासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं. त्यातल्या "संमतीनं" ह्या शब्दावर मी थोडा अडखळतो. समोर प्रोबेशन ऑफिसर बसलाय, टेबलावर फॉर्म, आणि सही नाही केली तर थकबाकी कोर्टापुढे जाणार हे दोघांनाही माहीत. सही करणारच ना माणूस. तरी निदान दोन्हीकडे वर्षांवर मर्यादा आहे, आणि वाढ भरपाईसाठी आहे, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

वाढलेल्या प्रोबेशनमध्ये काय काय येतं ते एकदा मोजा. महिन्याला हजेरी. जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर जायचं तर परवानगी, आणि ट्रकवर ड्रायव्हर असाल किंवा शेजारच्या राज्यात बांधकामावर जात असाल तर ह्याचा अर्थ काम गेलं. लघवीची टेस्ट. बऱ्याच ठिकाणी झडतीला आधीच होकार दिलेला असतो. पोलिसांनी सहज अडवलं तरी कॉम्प्युटरवर नाव लाल. जॉर्जियात फेलनी म्हणजे मोठा गुन्हा असेल तर प्रोबेशनसकट शिक्षा पूर्ण होईपर्यंत मत देता येत नाही. आणि ह्यातली कुठलीही अट चुकली तर रद्द करायला नवं कारण तयार. म्हणजे पैशासाठी थेट आत टाकता येत नाही, पण पैशासाठी प्रोबेशन वाढवायचं आणि मग वाढलेल्या काळात एक हजेरी चुकली म्हणून आत टाकायचं, हे मात्र चालतं. त्या कागदावर गरिबी हा शब्द कुठेच येत नाही, हजेरी चुकली एवढंच येतं. पुढच्या दारानं जे घालवलं ते मागच्या दारानं घरात.

दुष्काळात तेरावा महिना ही म्हण अधिक महिन्यावरून आली, इथे तर कोर्टच महिने अधिक करतंय.

मीटर

आणि आता फी. दंड वेगळा, भरपाई वेगळी, आणि ह्या दोन्हीपेक्षा वेगळी असते ती सुपरव्हिजन फी, म्हणजे तुमच्यावर लक्ष ठेवण्याचे पैसे तुम्हीच द्यायचे. रिक्षा सिग्नलला थांबली तरी मीटर चालू तसं.

गृहीत धरू, फी महिना ४० डॉलर, आणि बेअर्डनसारखा एखादा माणूस कसेबसे महिना ५० डॉलर देऊ शकतो. आधी फी कापली तर मूळ रकमेत जातात १० डॉलर. ५५० फिटायला ५५ महिने लागले, साडेचार वर्षं, आणि एकूण भरले २७५० डॉलर. आता तोच माणूस, तेच ५० डॉलर, फी नाही, फक्त हप्ते पुढे ढकललेले. ११ महिन्यांत मोकळा. पहिल्या माणसानं पाचपट पैसे भरले आणि तरी चार वर्षं "थकबाकीदार" राहिला. म्हणून मी म्हणतो की कुठली मुदत वाढवली हा शब्दांचा खेळ नाहीये.

हा आकडा माझा गृहीत आहे, पण गोष्ट काल्पनिक नाही. जॉर्जियाच्याच ऑगस्टा शहरात २०१२ मध्ये एका माणसानं दुकानातून बिअरचा एक कॅन उचलला, किंमत दोन डॉलरच्या आसपास. शिक्षा २०० डॉलर दंड आणि १२ महिने प्रोबेशन, तेही खासगी कंपनीकडे, आणि पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा, त्याचं भाडं दिवसाला १२ डॉलर. महिन्याचं बिल ४०० डॉलरच्या वर. तो रक्तातला प्लाझ्मा विकून पैसे भरत होता आणि तरी मागे पडून आत गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं ह्या खासगी प्रोबेशन धंद्यावर मोठा रिपोर्ट काढला त्यात ह्या गोष्टी आल्या. (जॉर्जियात खासगी कंपन्या फक्त मिस्डिमीनर म्हणजे छोट्या गुन्ह्यांचं प्रोबेशन बघतात, बेअर्डनची फेलनी होती, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्न आला नसता. पण राज्य तेच, आणि त्याच राज्याच्या नावानं असलेला निकाल येऊन तीस वर्षं झाली होती.)

घड्याळ थांबवायचं

ऑगस्टाच्याच आसपास, रिचमंड आणि कोलंबिया काउंटीत, दुसरी एक युक्ती चालायची, तिला टोलिंग म्हणतात. माणूस हजेरीला आला नाही, पैसे भरले नाहीत, की कंपनी वॉरंट मागणार आणि त्या दिवसापासून प्रोबेशनचं घड्याळ बंद. १२ महिन्यांच्या प्रोबेशनमधले आठ झाले असतील तर उरलेले चार तसेच राहिले, मग तुम्ही तीन वर्षांनी सापडा नाहीतर पाच वर्षांनी, चार महिने तुमच्यासाठी ताजे. मुदतवाढीची ऑर्डर नाही, सुनावणी नाही, न्यायाधीशानं "वाढवतो" असं म्हटलंसुद्धा नाही, नुसतं घड्याळाचा सेल काढून ठेवला.

लोकांनी कंपनीवर दावे लावले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टानं सेंटिनेल ऑफेंडर सर्व्हिसेस विरुद्ध ग्लोव्हर ह्या निकालात सांगितलं की खासगी कंपन्यांकडून प्रोबेशन चालवणारा कायदा तेवढ्यानं घटनाबाह्य ठरत नाही, पण मिस्डिमीनरच्या प्रोबेशनला टोलिंग लावता येणार नाही, कायद्यात ते नाही, मूळ मुदत संपली की संपली.

मग? मग २०१५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदाच बदलला आणि टोलिंगला नियमांसकट जागा करून दिली. वाचताना कपाळावर हात मारावासा वाटला होता. पण त्याच कायद्यात एक तरतूद अशी आली की तिला दाद द्यायलाच हवी. ज्या माणसाचं प्रोबेशन फक्त पैसे भरायचे राहिलेत म्हणून चालू आहे, बाकी देखरेखीचं काही काम नाही, त्याला पे-ओन्ली प्रोबेशन म्हणायचं आणि त्याच्याकडून सुपरव्हिजन फी जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच घ्यायची. वरचंच गणित परत लावा, ४० ची फी तीनच महिने म्हणजे १२०, अधिक ५५०, एकूण ६७०, महिना ५० नं चौदाव्या महिन्यात फिटलं. कुठे ५५ आणि कुठे १४. दंड माफ केला नाही, भरपाई कमी केली नाही, फक्त मीटर बंद केलं.

ज्याची चोरी झाली त्याचं काय

इथवर वाचून कुणी म्हणेल की आरोपीचं फार कौतुक चाललंय. मान्य, बेअर्डननं चोरी केली होती. आणि भरपाई म्हणजे दंड नाही, तो कुणाचातरी गेलेला टीव्ही, फुटलेली काच, बुडालेला पगार असतो. दंड सरकारजमा होतो, तो बुडाला तर सरकार काही उपाशी राहत नाही. भरपाईसाठी मुदत वाढवण्यामागे निदान एक खरा माणूस आहे. मी न्यायाधीश असतो तर ह्या दोन थकबाक्या एका ओळीत कधीच लिहिल्या नसत्या, आणि जो पैसा येईल तो आधी भरपाईकडे वळवला असता. बेअर्डनच्या केसमध्ये ७५० पैकी भरपाई होती २५०. त्यानं पहिल्या दोन दिवसांत भरलेले २०० आधी तिकडे धरले तर ज्याचं नुकसान झालं त्याचे ५० डॉलर फक्त उरले होते. बाकीचे ५०० सरकारचे. म्हणजे दोन वर्षांच्या वरचा तुरुंग मुख्यतः सरकारच्या स्वतःच्या उधारीसाठी होता, आणि युक्तिवादात पहिला मुद्दा मात्र भरपाईचा.

शिवाय भरपाईसाठी प्रोबेशन हा एकच रस्ता नाही. जॉर्जियातच भरपाईचा हुकूम दिवाणी निकालासारखा वसूल करता येतो, म्हणजे प्रोबेशन संपलं तरी देणं राहतं, उद्या त्याला नोकरी लागली, घर झालं, तर तिथून घेता येतं. फेडरल शिक्षेत तर हे देणं सुटकेनंतर २० वर्षं मागे लागतं. म्हणजे प्रोबेशन संपवलं तर पैसे बुडाले हे खरं नाही. प्रोबेशन वाढवल्यानं पैसे येतातच असंही नाही, ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून येतात, आणि ज्याच्याकडे आहेत त्याला मुळात मुदतवाढ कशाला हवी होती?

दिवाणी वसुलीत धाक कमी राहतो हे खरंय, आणि मुद्दाम चुकवणारे असतात, गाडी नवी घेतील पण भरपाई देणार नाहीत. त्यांच्यासाठी प्रोबेशन वाढवा, हवं तर रद्दच करा, बेअर्डनचा निकाल तिथे आडवा येत नाही. पण त्यासाठी आधी तो प्रश्न विचारावा लागतो, देत नाहीये की देऊ शकत नाहीये. रद्द करताना हा प्रश्न सक्तीचा, मग वाढवताना का नको? वाढ काय फुकट असते का.

आपल्याकडेही हाच प्रश्न जवळपास त्याच सुमारास आला होता, वेगळ्या वेषात. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन ह्या केसमध्ये न्या. कृष्णा अय्यर ह्यांनी सांगितलं की दिवाणी कर्ज फेडलं नाही म्हणून तुरुंगात टाकायचं तर नुसतं न फेडणं पुरत नाही, ऐपत असून टाळाटाळ दिसली पाहिजे. आणि आपला १९५८ चा प्रोबेशनचा कायदा एका बाबतीत फार स्पष्ट आहे, कोर्टाला बाँडची मुदत वाढवता येते पण कशीही वाढवली तरी मूळ हुकमापासून ३ वर्षांच्या पुढे जाता येत नाही. दंड न भरल्याबद्दलचा तुरुंग मात्र आपल्याकडे अजून आहेच, शिक्षेच्या वेळीच "दंड न भरल्यास आणखी इतके महिने" असं सुनावतात, आणि त्यात अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्रानं २०२३ मध्ये योजना आणली, दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत सरकार भरणार. म्हणजे एका हातानं सरकारनं लावलेला दंड दुसऱ्या हातानं सरकारच भरतंय. हसू येतं, पण साडेपाचशे डॉलरसाठी दोन वर्षं जेवू घालण्यापेक्षा स्वस्त पडत असणार.

परत बेअर्डनकडे येतो, एक तारीख सांगायची राहिली. सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवून केस परत जॉर्जियाला पाठवली ती २४ मे १९८३ ला. मूळ प्रोबेशन, कुणी काहीच केलं नसतं तरी, संपणार होतं ८ ऑक्टोबरला. मधले साडेचार महिने. पहिल्या दिवशी कोर्टानं ५५० डॉलर भरायला दिले होते चार.